पाहुण्यांसाठी आणलेला आवाज

मार्गशीर्ष लागला की आमच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. ट्रॉलीत मावेना इतका ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं दोन भोंगे. इंजिनाचाच आवाज एवढा असतो की त्यात गाणं ऐकू येणं शक्य नाही. खुद्द ड्रायव्हरलाही येत नसणार. पण तो बिचारा ते स्वतःसाठी लावतच नाही. तो लावतो रस्त्याकडेच्या लोकांसाठी, ज्यांनी त्याच्याकडं काहीही मागितलेलं नाही. हवेत मळीचा गोडसर आंबूस वास, सकाळी अंगणात दवानं ओलसर झालेली धूळ, कुठंतरी कार्यालयात लग्नाच्या अक्षता, आणि या सगळ्यावर तो भोंगा. वर्षानुवर्षं हेच दिवस असे येतात आणि माझं डोकं फिरवून जातात.

यंदा त्यात भर म्हणून आमच्या घरात साउंडबार घ्यायचं चाललं आहे. नवरा फोन घेऊन सोफ्यावर बसतो आणि कुणीतरी कुठल्यातरी गावाहून दिलेले तारे मोजतो. एकाला साडेचार तारे आहेत, पण त्याचा वूफर पांढऱ्या रंगात मिळत नाही. दुसऱ्याचा वूफर वायरविना चालतो. ‘वायरच नाही बघ याला,’ असं तो मला तीनतीनदा सांगतो, जणू वायर नसणं हा एखादा सद्गुण आहे. मी विचारलं, ‘पण ऐकणार काय आहेस त्याच्यावर?’ हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हता. मग म्हणाला, ‘काय म्हणजे? सगळंच.’ ज्या माणसाला सगळंच ऐकायचं असतं त्याला काहीही ऐकायचं नसतं, हे मी फार पूर्वी शिकले आहे. आमच्या टीव्हीवर रोज रात्री चार माणसं एकमेकांवर ओरडतात, ती आता घुमून ओरडतील, एवढाच काय तो फरक पडणार आहे.

हे मी शिकले ते अण्णांकडून. अण्णा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीत त्यांचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं, आणि मागच्याच गल्लीत आमचं घर. दोन हजार साल उलटून गेलेलं. गल्लीत घराघरांत होम थिएटर यायला लागलेले ते दिवस. आमच्या घरी आम्ही चौघं, अण्णा, अव्वा म्हणजे आई, माझी मोठी बहीण नंदाअक्का आणि मी. अक्का पंचविशी ओलांडून गेलेली, म्हणजे त्या काळच्या हिशोबानं घरावरचं संकटच. दिवाळी झाली की स्थळं यायची, पोहे खायची आणि कळवतो म्हणून जायची. एका स्थळानं जाताना मध्यस्थाला सांगितलं की घर जरा सुनं सुनं वाटलं. त्यांच्या मनात काय होतं देव जाणे. अण्णांनी त्याचा अर्थ असा लावला की घरात वाजणारं काही नाही.

खरं म्हणजे होतं. अव्वाच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांच्या फळीवर, रेडिओ-टेपचा एक टू-इन-वन होता. त्याच्या जाळीत भाकरीचं पीठ जाऊन बसलेलं. ते कुणीच काढायला गेलं नाही. अक्का गाण्याच्या परीक्षा देत होती, आणि संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता त्याच्यावर रेडिओ लावायची. आवाज इतका बारीक की बाहेरच्या खोलीत कळायचंही नाही. एखादी तान आली की तिचा हात परातीवर थांबायचा. तव्यावरची भाकरी करपायची, अव्वा ओरडायची, ‘अगं जळलं की!’ आणि अक्का हसून पुन्हा पीठ घ्यायची. आमच्या घरात ऐकणारी ती एकटीच होती. बाकी आम्ही सगळे गाणं लावणारे. आमच्याकडं गणपतीत गाणं लावतात, बारशाला लावतात, निवडणूक जिंकली की लावतात. एकदा लावलं की आपलं काम झालं, असं समजून मंडळी मोठमोठ्यानं गप्पा मारत बसतात.

त्या वर्षी दिवाळीनंतर अक्काला आजऱ्याच्या एका शाळेत गाणं शिकवायची नोकरी लागली. मुलाखत देऊन आली तीच मुळी तोंडभर हसत. संक्रांतीनंतर हजर व्हायचं होतं. अव्वाला आणि मला तिनं लगेच सांगितलं. राहिले अण्णा. अण्णांना सांगायचं आणि त्यांच्याकडून ‘जा’ म्हणवून घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं. पळून जायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. वडिलांनी एकदा नीट ऐकून घ्यावं, एवढीच त्या पोरीची मागणी होती, आणि त्या सबंध मोसमात तेवढी एक गोष्ट घडली नाही.

एका रविवारी अण्णा आम्हां दोघींना घेऊन होम थिएटर बघायला निघाले. वाटेत अक्कानं सुरुवात केली, ‘अण्णा, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं.’ अण्णा म्हणाले, ‘आधी आवाज बघू, मग बोलू.’ दुकान म्हणजे काचेची एक थंडगार खोली आणि भिंतभर काळे खोके. विकणाऱ्याच्या गळ्यात टाय होता आणि चेहऱ्यावर मेहेरबानी. त्यानं आम्हाला मधोमध बसवलं आणि दाखवण्यासाठीची खास सीडी लावली. त्यात गाणं नव्हतंच. आधी एक काच फुटली, मग एक थेंब पडला, मग एक हेलिकॉप्टर आलं आणि आमच्या डोक्याभोवती फिरायला लागलं. अण्णांची मान त्याच्याबरोबर फिरत होती. मोटारी विकून पन्नाशी गाठलेला माणूस, पण तोंड उघडं पडलं.

‘कितीचा हाय?’ त्यांनी विचारलं. म्हणजे किंमत नव्हे, ताकद.

‘पाच हजार वॅट, काका. हे बघा, वरच लिवलंय.’

तसा चकचकीत स्टिकर खरोखरच होता. आता गंमत बघा. पाच हजार वॅट म्हणजे जवळजवळ सात एच.पी. तेवढ्या ताकदीची मोटार बसवायची तर काय जाडीची केबल लागते, कसला स्टार्टर लागतो, हे अण्णा झोपेतसुद्धा सांगायचे. एखादा शेतकरी बारीक वायर मागायला आला तर त्याला अख्ख्या दुकानासमोर फाडून खायचे. आणि इथं, रेडिओला असते तसल्या सुतळीएवढ्या वायरीच्या खोक्यात सात एच.पी. बसलेत, यावर त्याच अण्णांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. मी दबक्या आवाजात म्हणालेही, ‘अण्णा, एवढ्यानं विहीर उपसल की.’ त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. विद्या असते हो माणसाकडं. पण चार लोकांत मिरवायची वेळ आली की तो ती चपलांसारखी बाहेर काढून ठेवतो.

अक्का मात्र त्या खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभी होती. तिथं लाकडी खोक्यांची एक साधी जोडी होती, धुळीत पडलेली. ती म्हणाली, ‘ह्याच्यावर एकदा नुसता माणसाचा आवाज लावा की.’ विकणाऱ्यानं नाइलाजानं कसलीशी गाण्याची सीडी घातली. तंबोरा सुरू झाला, आणि मग एका बाईनं सूर लावला. खरं सांगते, मी दचकले. ती बाई तिथं खोलीतच बसली होती. तिनं श्वास घेतला तोही ऐकू आला. अक्कानं डोळे मिटले.

‘ताई, ते जुनं मॉडेल हाय,’ विकणारा म्हणाला. ‘त्यात बेस न्हाय.’

‘पण आवाज हाय की,’ अक्का म्हणाली.

‘दोनच डबे?’ अण्णा म्हणाले. ‘पाव्हणं म्हणतील, ह्यांचं परवडलं न्हाय. तू ये इकडं नंदा, हेलिकॉप्टर ऐक.’

झालं. पाच डबे आणि एक वूफर असा लवाजमा घरी यायचं ठरलं. दुकानात ‘जुनं द्या, नवं घ्या’ची पाटी होती, आणि अण्णांनी ती वाचली होती. दुसऱ्या दिवशी अक्का क्लासहून आली तेव्हा पिठाच्या डब्यांच्या फळीवरचा टू-इन-वन गेलेला. अव्वा म्हणाली, ‘मी नको म्हटलं गं. म्हणाले, आता एवढं मोठं आलंय, त्ये डबडं कशाला.’ नव्या वस्तूला रेडिओ नव्हता. हे आमच्या घरात फक्त अक्काला माहीत होतं, कारण ते दुकानात विचारावंसं फक्त तिलाच वाटलं होतं. त्या संध्याकाळी तिनं भाकऱ्या केल्या, एकही करपली नाही.

ते पाच डबे कसे मांडायचे याचा कागद खोक्यात होता. दोन पुढं, दोन मागं, एक मधे. अण्णांनी तो बघितला आणि बाजूला ठेवला. ‘मागं ठेवल्यावर पाव्हण्यांस्नी दिसणार कसं?’ म्हणून पाचही डबे शोकेसमध्ये एका ओळीत उभे राहिले, काचेच्या बाहुलीच्या आणि शोभेच्या मक्याच्या कणसाच्या शेजारी. त्यांच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही, धूळ बसते. वर अव्वानं विणलेले क्रोशाचे रुमाल. वूफर सोफ्याजवळ, त्याच्यावर फुलदाणी. हेलिकॉप्टर लावलं तर ते आता फिरेना. ते शोकेसमध्येच अडकून पडलं आणि बाहुलीजवळ घरघरत राहिलं. फुलदाणी तेवढी नाचायची. अण्णांना ती नाचली की बरं वाटायचं. ‘बघ, बघ, बेस बघ!’ गल्लीतली माणसं यायची, चपला काढायची, फुलदाणी बघायची आणि मान डोलवून जायची. ‘नादखुळा हाय की, अण्णा!’ सहा खोक्यांपुढं बसून माणसं एक फुलदाणी बघत होती, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

या काळात अक्कानं किती वेळा सांगायचा प्रयत्न केला! अण्णा दुकानातून आले की आधी बटण दाबायचे. ती समोर जाऊन उभी राहायची. ते हातानंच ‘थांब’ म्हणायचे. गाणं संपलं की दुसरं. जेवताना ती म्हणायची, ‘अण्णा, आजऱ्याला...’ आणि अण्णा म्हणायचे, ‘आजऱ्याचा तांदूळ एक नंबर, घनसाळ आणायला पायजे.’ एकदा तर तिनं सगळं सांगितलं, शाळा, पगार, राहायची खोली. त्यांनी सगळं ऐकल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, ‘व्हय, पण मधला डबा जरा तिरका वाटतोय न्हवं?’ अण्णांना चांगलं ऐकू यायचं. दुकानात कुणी पाठीमागं पाच रुपयांची घासाघीस कुजबुजली तरी त्यांना कळायची. म्हणून तर मला त्यांची कधी कीव आली नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

कधी कधी वाटतं, अण्णांना एकट्याला कशाला बोल लावायचा? सगळं गावच तसं. कुणाच्या घरी गेलं की बसायच्या आत डबा सुरू होतो. यजमान आनंदात विचारतात, ‘कसा हाय?’ आणि आपण ओरडून ‘छान!’ म्हणायचं असतं. अलीकडं माझ्या नणंदेकडं गेले, तर तिच्या बिनवायरच्या गोल डब्यातली बाई इंग्रजीत म्हणाली की मी जोडले गेले आहे. कुणाशी ते काही कळलं नाही. आम्ही दोघी नणंदा-भावजया वर्षानं भेटत होतो. दोन तास त्या डब्याविषयीच बोललो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय हे मला जिन्यात, निघताना कळलं.

असो. संक्रांतीच्या आधी बिद्रीकडचं एक स्थळ आलं. मुलगा, त्याची आई आणि सगळी सूत्रं ज्यांच्या हाती असे त्याचे काका. मुलगा बरा होता, चपलांकडं बघत बसलेला. अक्का चहा घेऊन आली, मोरपंखी साडी नेसून. ती बसते न बसते तोच अण्णांनी रिमोट उचलला. काच फुटली. थेंब पडला. हेलिकॉप्टर शोकेसमध्ये घरघरायला लागलं.

‘बेस हाय की वो पावणं!’ काका ओरडले. ‘वाढवा की जरा!’

अण्णांनी वाढवला. मग गाणं लावलं. मुलाच्या आईनं अक्काला काहीतरी विचारलं. अक्कानं काहीतरी उत्तर दिलं. दोघींनाही एकमेकींचं काही ऐकू गेलं नाही, पण आई समाधानानं हसली आणि काकांकडं बघून मान हलवली. काकांनी अण्णांकडं बघून हलवली. माझ्या डोळ्यांदेखत, एक अक्षर कानावर न पडता, माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं. फुलदाणी टुणटुण उडत होती आणि तिच्याकडं बघून सगळे खूश होते.

अक्का उठली. साडीचा पदर सावरून, सगळ्यांसमोरून सावकाश चालत गेली आणि तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं.

असली शांतता त्या खोलीत कधी झालीच नव्हती. बाहेर गल्लीत कुणीतरी बादली ठेवली तेही ऐकू आलं. अक्का म्हणाली, ‘आता विचारा, काय विचारायचं हाय ते.’

काकांनी खाकरून घसा साफ केला. मुलाची आई बांगड्या सारखी करायला लागली. माणसं एवढ्या लांबून मुलगी बघायला आली होती, आणि तिला विचारण्यासारखं त्यांच्याकडं काहीही नव्हतं.

‘मग मीच सांगते,’ अक्का म्हणाली. ‘मला आजऱ्याच्या शाळेत गाणं शिकवायची नोकरी लागलीया. संक्रांत झाली की जाणार. अण्णांना महिनाभर सांगतीया, त्यांच्या कानावर गेलं न्हाय. म्हणून तुमच्यासमोर सांगितलं. लगीन करायचं न्हाय असं न्हाय. पण नोकरी सोडणार न्हाय.’

मुलानं पहिल्यांदाच मान वर केली. पण काका उठले होते, आणि काका उठले की ते सगळे उठत होते. दारात चपला घालताना ते अण्णांना म्हणाले, ‘पोरगी बोलती लई.’

‘न्हाय वो,’ अण्णा काकुळतीला येऊन म्हणाले. ‘एरवी तोंडातनं शब्द येत न्हाय तिच्या.’

पाहुणे गेल्यावर मला वाटलं, आता घरात रण पेटणार. तसं काही झालं नाही. अण्णा आत आले, वूफरपुढं गुडघे टेकून बसले आणि त्याच्या पाठीमागं चाचपायला लागले. मग अव्वाला म्हणाले, ‘ऐन वेळी बंद पडला बघ. नायतर जमलंच हुतं.’ अव्वानं आमच्याकडं बघितलं. मी म्हणाले, ‘अण्णा, तो अक्कानं बंद केला.’ ते म्हणाले, ‘व्हय, पण आवाजच कमी पडतोय मुळात. एवढी मोठी खोली, त्याला टॉवर स्पीकर पायजेत.’ हेच त्यांनी पुढं सगळ्या पाहुण्यारावळ्यांत सांगितलं. सेट बंद पडला म्हणून बिद्रीचं स्थळ गेलं. लोकांनीही ऐकून हळहळ व्यक्त केली.

संक्रांत झाल्यावर अक्का आजऱ्याला गेली. अव्वानं भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, ‘जा बाई. तिथं पोरं तरी ऐकतील.’ अण्णांनी ‘जा’ म्हटलं नाही, ‘नको’ही म्हटलं नाही. ते सकाळीच दुकानात गेले होते. स्टँडवर अक्का गाडी सुटेपर्यंत शाहूपुरीच्या रस्त्याकडं बघत होती.

माघ संपत आला तेव्हा टॉवर आले. माझ्या छातीएवढ्या उंचीचे दोन काळे खांब. दाखवायला आता घरात मुलगी नव्हती, स्थळं यायची थांबली होती, तरी ते आले. अण्णांनी दुपारभर ते इकडून तिकडं सरकवले, मग आजऱ्याला अक्काच्या घरमालकिणीकडं फोन लावला. अक्काला बोलावलं असणार, कारण अण्णांचा चेहरा उजळला. ‘नंदा? हां, नंदा, ऐक!’ एवढंच म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि रिसीव्हर टॉवरच्या तोंडाशी नेऊन धरला.

सबंध गाणंभर ते तसेच उभे होते, हात लांब करून, डोळे मिटून. मी जवळच होते. गाणं संपलं, आणि दुसरं सुरू व्हायच्या आत त्या काळ्या रिसीव्हरमधून अक्काचा बारीकसा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. ‘अण्णा, जेवलासा का? अण्णा?’

अण्णांनी रिसीव्हर कानाला न लावता तसाच खाली ठेवला आणि समाधानानं म्हणाले, ‘ऐकलं की तिनं.’